गाळलेल्या कळा

ऑफिसात तिला सगळे खिडकीवाली म्हणत. हे नाव तिनं स्वतःच ओढवून घेतलं होतं. इमारतीत नव्यानं राहायला आलेल्या शेजारणीनं एकदा जिन्यात विचारलं, "काम काय करता तुम्ही?" आणि ही घाईत बोलून गेली, "खिडक्या करते." शेजारीण एकदम खुलली. "अगबाई, बरं झालं! आमच्या स्वयंपाकघराची एक बसतच नाहीये हो नीट. कधी येता बघायला?" समजावण्यात दोन मजले गेले, तरी शेजारणीच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी हिनं "भावाला पाठवते" असं सांगून सुटका करून घेतली. तिला भाऊच नव्हता. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट तिनं ऑफिसातल्या टेस्टिंगवालीला, म्हणजे तयार प्रोग्राम तपासणाऱ्या मैत्रिणीला, सांगितली आणि टेस्टिंगवालीनं जेवणाच्या सुट्टीच्या आत ती मजलाभर केली.

खोटं मात्र ती बोलली नव्हती. संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, मेनू हेच तिचं काम. त्यासाठी ती एक टूलकिट, म्हणजे तयार सुट्या भागांचा संच, वापरायची. त्यात एकदा लिहिलेला प्रोग्राम तीन वेगवेगळ्या जातींच्या संगणकांवर सारखाच चालतो, असं म्हणतात. प्रत्यक्षात प्रत्येक जातीचे नखरे वेगळे. एका संगणकावर शेवटची खिडकी बंद केली की प्रोग्राम संपतो. दुसऱ्यावर खिडकी गेली तरी प्रोग्राम आत जिवंतच असतो, जेवण होऊनही पानावरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

हे नखरे सांभाळायची एक जागा असते. प्रोग्रामच्या मुळाशी 'ॲप्लिकेशन' नावाची एकच वस्तू असते. सगळ्यांच्या आधी ती जागी होते आणि सगळ्यांच्या शेवटी दिवा मालवून निघते. टूलकिटनं तिला एक ठरलेलं वागणं दिलेलं असतं. ते पसंत नसेल तर तिच्यावरून आपली वेगळी ॲप्लिकेशन बेतायची आणि नेमून दिलेल्या जागांवर आपलं लिहायचं. सुरू होताना काय करायचं, बंद होताना काय, कुणी स्वस्थ बसलं तर काय, आणि सगळंच कोसळलं तर काय. ऑफिसातले बाकीचे तिकडे फारसे फिरकत नसत. खिडकीवाली तिथेच रमायची. प्रोग्राम कोसळला की पूर्वी एक लांबलचक, न कळणारा मजकूर यायचा आणि टायपिस्ट बायकांचे हातपाय गळायचे. तिनं ते वागणं बदललं. आता कोसळण्याआधी प्रोग्राम चालू काम जपून ठेवायचा आणि पडद्यावर एवढंच यायचं: 'तुमचं काम सुखरूप आहे. घाबरू नका.'

टायपिस्ट बायका म्हणजे तिच्या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडच्या. ते एक टायपिंगचं कार्यालय होतं. डॉक्टर मंडळी पेशंट तपासून झाला की आपलं म्हणणं बोलून ठेवत. कार्यालयातल्या बायका हेडफोन लावून ते ऐकत आणि त्याचा अहवाल टाइप करत. खिडकीवालीची थोरली बहीण त्याच कार्यालयात होती, आणि तिथे सगळ्यांत जुनी.

दोघी बहिणी एकत्र राहत. आईवडील गेलेले. थोरलीनं लग्न केलं नाही आणि धाकटीनं, म्हणजे आपल्या खिडकीवालीनं, केलेलं टिकलं नाही. एक दिवस ती दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. थोरलीनं दार पुरतं उघडलं. "चपला आत घे, बाहेर मांजर पळवतं," एवढंच म्हणाली आणि कपाटातला आपला एक कप्पा रिकामा करायला लागली. तेव्हापासून दोघींचं छान जमलं होतं. थोरली ऑफिसातून आली की डॉक्टरांच्या नकला करायची. एक डॉक्टर तोंडात पेन धरून बोलतो. एका डॉक्टरणीचा कुत्रा मध्येच भुंकतो, आणि तीही त्याला "गप रे" म्हणून पुन्हा मूत्रपिंडावर येते. धाकटी हसून हसून लोळायची.

अलीकडे मात्र थोरली जेवणाच्या सुट्टीतही काम करत बसायला लागली होती. डबा तसाच परत यायचा. विचारलं तर म्हणायची, "भूक नव्हती गं." मग एका रविवारी धाकटीनं तिला चहा ओतताना पाहिलं. किटली कपाच्या काठावर टकटक वाजत होती. धाकटीनं बघितलंय हे थोरलीला कळलं. तिनं किटली खाली ठेवली आणि हात ओट्याखाली लपवला.

"कधीपासून, ताई?"

"होतं कधीमधी."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दिवसभर कानात डॉक्टरच असतात की." मग ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "औषध चालू आहे. त्यानं झोप येते, हात काही थांबत नाही. एक बटण दाबायला जाते तर दोनदा दाबलं जातं. काल मी लिहिलं, 'रुग्णाच्या डाव्या पपायाला सूज.' छापायला जाणार होतं गं. सगळं पुन्हा वाचत बसावं लागतं, म्हणून डबा राहतो."

पपायावर दोघीही हसल्या. हसता हसता थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला तिनं हात वर नेला, तोही थरथरत होता.

त्याच दुपारी धाकटीनं तिला आपल्या संगणकासमोर बसवलं. "टाइप कर काहीही." थोरलीनं पाठ असलेले अहवाल टाइप केले, वाणसामान टाइप केलं, धाकटीच्या लहानपणच्या खोड्या टाइप केल्या. धाकटी दोन कळांमधला वेळ बघत राहिली. थरथरीमुळे दुसऱ्यांदा दाबली गेलेली कळ पहिलीच्या अगदी पाठीला पाठ लावून येत होती. थोरली मुद्दाम तीच कळ दोनदा दाबायची तेव्हा मध्ये नीट श्वासभर जागा असायची. फरक स्पष्ट होता.

आणि हा फरक वापरायची जागा तिला ठाऊक होती. त्या ॲप्लिकेशनमध्ये एक चाळणी असते. दाबलेली प्रत्येक कळ, माउसची प्रत्येक क्लिक कुठल्याही खिडकीत पोचण्याआधी तिथून जाते. टूलकिट त्या जागी काहीच करत नाही, येईल ते पुढे सोडतं. धाकटीनं तिथे लिहिलं: तीच कळ फार लवकर पुन्हा आली तर गाळून टाक. कुणी सांगितलेलं नव्हतं. नव्या आवृत्तीत तिनं ते घातलं आणि मेनूत खाली एक ओळ दिली, 'हात सावरा'. ज्याला हवं त्यानं चालू करावं.

पंधरवड्यात थोरलीचा डबा रिकामा परत यायला लागला. तिनं तिथल्या आणखी दोघींनाही ते चालू करून दिलं. एकीची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. दुसरी कारण न सांगताच म्हणाली होती, "मलाही दाखव ना कसं करायचं ते." थोरली कार्यालयात येईल त्याला सांगायची, "हे माझ्या बहिणीनं केलंय. माझ्या धाकट्या बहिणीनं." धाकटी म्हणायची, "गाजावाजा नको करूस, ताई." पण आतून ती फुलून जायची. इतकी वर्षं खिडक्या केल्या, पण उजेड कुणाच्या घरात पडला हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

तिच्या साहेबांना सगळे लगेचसाहेब म्हणत, कारण त्यांना सगळं लगेच हवं असे. एकदा ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"ते हात सावराचं काय प्रकरण आहे? टायपिंगवाले फार खूश आहेत. कसं चालतं ते?"

तिनं उत्साहानं सांगितलं. नको तेवढं सांगितलं. साहेब ऐकत होते आणि त्यांची मान हलायची थांबली.

"थांब. म्हणजे प्रत्येक कळ आधी तुझ्या त्या चाळणीतून जाते?"

"हो सर."

"मग कोण किती कळा दाबतंय आणि कोणाचा हात किती वेळ थांबलाय, हेही तिथे कळेल?"

"कळेल, पण..."

"त्यांच्या सुपरवायझर बाई केव्हापासून मागे लागल्यात. हे द्या म्हणे, पुढचा करार लगेच करू."

ती खुर्चीत वळली. "सर, हात थांबला म्हणजे बाई रिकामी बसली असं नसतं. त्या ऐकत असतात. डॉक्टर पुटपुटतात, तीन तीनदा ऐकावं लागतं."

"ते त्यांचं त्या बघतील ना. आपण फक्त मोजून द्यायचं."

"टायपिस्टना सांगणार ना पण?"

"सांगतील की. का नाही सांगणार?"

तिला नाही म्हणता आलं असतं. पुढे ती हे टेस्टिंगवालीला पुन्हा पुन्हा म्हणाली. त्या वेळी तिनं मनाशी एवढंच म्हटलं की मी नाही लिहिलं तर दुसरा कुणीतरी लिहील, आणि तो माझ्या चाळणीची वाट लावेल. कामाला एक दुपारही लागली नाही. जागा तयारच होती. आणि खरं सांगायचं तर काम करताना तिला मजाही आली. टायपिंगचा वेग जराही कमी होऊ नये म्हणून तिनं ते किती सफाईनं बसवलं! आधी गाळणी, मग मोजणी. असं ते तिला नीटनेटकं वाटलं.

घरी तिनं थोरलीला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिली. थोरली मात्र तिला सांगत होती.

"सुपरवायझर बाई हल्ली एकेकीला आत बोलावतात. काय ते कळत नाही. वाकड्या बोटांची परवा रडत बाहेर आली."

"काय झालं म्हणे?"

"म्हणाली, तुमचं मन कामात नसतं असं म्हणाल्या. हिचं मन नसतं? पाण्याला उठत नाही बिचारी."

धाकटी ताटातला भात चिवडत राहिली. थोरलीला वाटलं मीठ कमी पडलंय. तिनं मिठाची वाटी पुढे सरकवली.

मग थोरलीची पाळी आली. ती भर दुपारी घरी आली. हातात खुर्चीची उशी, चहाचा मग आणि हेडफोनची कापडी टोपडी, जी तिनं स्वतः शिवली होती. धाकटी त्या दिवशी सर्दीमुळे घरीच होती.

"काढलं गं मला," थोरली म्हणाली. जणू एखाद्या दुसऱ्याच बाईची बातमी सांगत होती. "म्हणाल्या, तुमचे हात फार थांबतात आणि काम सगळ्यांत कमी आहे. मी म्हटलं, बाई, परवा एका डॉक्टरांच्या बोलण्यात औषधाचं प्रमाण पंधरा की पन्नास ते कळेना. पाच वेळा ऐकलं मी. पन्नास लिहिलं असतं तर माणूस गेला असता. तर म्हणतात, बाकीच्यांना बरं एकदाच ऐकून कळतं. आणि मग..." तिनं उशी खुर्चीवर ठेवली. "मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, तब्येत सांभाळा, हातांचंही ऐकलंय आम्ही. कुणी सांगितलं त्यांना? बहिणीनं केलंय एवढंच सांगायचे, माझ्या हातांचं मी कुणाला म्हणून बोलले नव्हते."

धाकटीला कळलं. 'हात सावरा' कुणाच्या संगणकावर चालू आहे, हेही त्या आकड्यांबरोबर जात होतं. तिनंच ते जोडलं होतं, माहिती पुरी असावी म्हणून. आणि काम सगळ्यांत कमी का दिसलं, तेही तिला उमगलं. गाळलेल्या कळा मोजणीत येतच नव्हत्या. इतर बायका चुकून दाबायच्या, मग खोडायच्या. त्यांचं सगळं कामात धरलं जायचं. थोरलीच्या चुका आधीच गळून गेल्यामुळे तिची खोडाखोडही उरली नव्हती. जितकं नेटकं लिहिलं तितकी ती आळशी ठरली.

सर्दी तशीच घेऊन ती ऑफिसात गेली. लगेचसाहेब फोनवर होते. फोन संपायची तिनं वाट बघितली नाही.

"सर, आपली मोजणी चुकतेय. ज्यांनी हात सावरा चालू केलंय त्यांचं काम कमी दिसतं. त्यांना सांगा. लोक घरी बसवलेत त्यांनी याच्यावरून."

साहेबांनी फोन ठेवला आणि नीट ऐकून घेतलं. ते काही वाईट माणूस नव्हते. अडचण कळली की ती सोडवायची, एवढंच त्यांना माहीत. "म्हणजे दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतायत," ते म्हणाले. "मग एक काढून टाक."

"तेच म्हणतेय मी. मोजणी काढते."

"मोजणीवर तर करार झालाय. हात सावरा काढ. तसंही ते कुणी मागितलं नव्हतं."

"मी ते काढणार नाही, सर."

"बरं," साहेब म्हणाले. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. पलीकडच्या टेबलावर टक्कल म्हणून ओळखला जाणारा तिचा सहकारी बसायचा. त्याला त्यांनी हाक मारली. तो तिच्याकडे बघायचं टाळत म्हणाला, "कुठल्या फाइलमध्ये आहे गं ते?" तिनं सांगितलं नाही. त्याला सापडायला वेळ लागला नाही, कारण तिनं तिथे सगळं स्वच्छ, नावं देऊन, ओळीओळीला समजावून लिहिलेलं होतं.

घरी येऊन तिनं थोरलीला सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच, पर्स खांद्यावर असताना. थोरली टेबलाशी बसून जुनी टोपडी आणि मोजे वेगळे करत होती. 

"तू लिहिलंस?"

"हो."

"माहीत होतं तुला? त्या एकेकीला आत बोलावत होत्या तेव्हा?"

"हो."

"आणि मी तुला इथे बसून सांगत होते."

"ताई, मला वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं?" थोरलीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्या वाकड्या बोटांच्या बाईला मी स्वतः जाऊन ते चालू करून दिलं. म्हटलं, घाबरू नकोस, माझ्या बहिणीनं केलंय. माझ्या नावावर विश्वास ठेवून बसली ती तिथे. मी कानाला हेडफोन लावून जीव तोडून ऐकत होते गं, आणि तू तिकडे माझे हात मोजत होतीस."

"मोजणी काढून टाकते म्हणाले मी. भांडले आज."

"आज!" थोरली म्हणाली आणि उठून आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लोटलं. धाकटीला ते आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढे टायपिंगच्या कार्यालयात वेगळंच सुरू झालं. मोजणी होते हे बायकांना कधीतरी कळलंच. मग त्या ऐकताना एका बोटानं बाणाची कळ टकटक दाबत राहायला लागल्या. डॉक्टर पुटपुटतायत, एक कान तिकडे, बोट इकडे. आकडे एकदम सुंदर दिसायला लागले. सुपरवायझर बाईंना संशय आला आणि लगेचसाहेब नवीन मागणी घेऊन खिडकीवालीच्या खुर्चीमागे उभे राहिले. "बाणाच्या कळा धरायच्या नाहीत. आणि उगाच दाबलेल्या ओळखून वेगळ्या दाखवायच्या. तुला चाळणी चांगली माहितीये, तूच कर."

तिनं त्याच दिवशी राजीनामा दिला. कुणाला फार आश्चर्य वाटलं नाही. टेस्टिंगवालीनं तिला जिन्यापर्यंत सोडलं. "चांगलं केलंस," ती म्हणाली आणि मग खाली बघत, "टक्कलनं घेतलंय ते काम." टेस्टिंगवाली स्वतः ते तपासणार होती. दोघींनाही ते माहीत होतं.

तिला वाटलं होतं की नोकरी सोडल्याचं ऐकून थोरली थोडी तरी विरघळेल. थोरलीला तोवर डोळ्यांच्या एका दवाखान्यात काम मिळालं होतं. पेशंटची नावं मोठ्यानं पुकारायची, त्यांना डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवायचं. थेंब घालताना हात थरथरायचा, म्हणून ते तिच्याकडून काढून घेतलं. आता नुसतीच नावं पुकारायची. पगार आधीपेक्षा बराच कमी. दोघी एकाच टेबलावर जेवत, भाजी आणायची कुणी, दळण कुणी, एवढं बोलत. डॉक्टरांच्या नकला तिनं पुन्हा कधी केल्या नाहीत.

"नोकरी सोडली मी," धाकटीनं सांगितलं.

थोरलीनं घास तोंडात घातला, चावून संपवला. "कशाला?"

"आणखी तसंच काहीतरी लिहायला सांगत होते. नाही म्हटलं."

"मग आता कोण लिहितंय?"

"दुसरा एक जण."

"हं." थोरलीनं तांब्या उचलला. पाणी थोडं सांडलं. धाकटीनं पुसायला हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला आणि स्वतःच फडक्यानं पुसलं. "त्या दोघी अजून तिथेच बसतात. वाकड्या बोटांची भेटली होती परवा बाजारात. म्हणाली, ते सावरायचं आता मेनूत दिसतच नाही. तुमच्या बहिणीला विचाराल का, परत घालता येईल का म्हणून." ती फडकं पिळत राहिली. "मी म्हटलं, विचारते. मला वाटलं, तू आत आहेस तोवर कधीतरी घालशील. आता कुणाला विचारू?"

धाकटी पुसायला उठली होती. पाठीशी खुर्ची होती तरी तिला बसवेना. थोरलीनं ताटं उचलली, मोरीत नेऊन ठेवली आणि दुसऱ्या दिवशी लवकर निघायचंय म्हणून आपला डबा भरायला घेतला.